इतरांचे बारा महिने

विक. स्कॉटलंडचं उत्तर टोक.
इथे न्यायाधीशाला शेरीफ म्हणतात
आणि मला काहीच म्हणत नाहीत.
मी दार उघडतो, सगळ्यांना "उठा" म्हणतो, पाण्याचा जग भरतो.
बावीस वर्षं.

त्या गुरुवारी इनिस ब्रेमनर उभा होता, वय एकवीस,
अंगात बापाचा कोट, बाह्या बोटांवर आलेल्या.
टेलिफोनची तांब्याची तार कापली त्याने, नऊशे मीटर.
विकून चारशे दहा पौंड,
आणि अकरा तास टेकडीपलीकडच्या शेतांवरचे फोन मुके.
म्हाताऱ्या गनच्या छातीत त्या रात्री काही दुखलं नाही.
दुखलं असतं तर,
असं सरकारी वकील तीनदा म्हणाले.

शेरीफबाई चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या,
एरवी अठरा महिने पुरले असते.
पण या भागात हे फार वाढलंय.
इतरांना जरब बसली पाहिजे.
तीस.

इतरांना.
मी सवयीने मागच्या बाकांकडे पाहिलं.
हीटरसाठी रोज येणारे दोघे पेन्शनर,
त्यातला एक झोपलेला.
कॉलेजातली एक मुलगी वहीत काहीतरी काढत होती,
बहुधा माझं नाक.
आणि जेसी ब्रेमनर, त्याची आई,
मासळीच्या कारखान्यातून तशीच आलेली,
रबरी पांढऱ्या बुटांत.

लेकी बोले सुने लागे, ठीक आहे,
पण सून घरात तरी हवी.
सून त्या वेळी कुठल्यातरी अंगणात
व्हॅनच्या काचेवरचं दव खरवडत असणार,
मागच्या सीटवर कटर.

बाहेर पॅसेजमध्ये जेसीने वकिलाची बाही धरली.
"त्यातले इतरांचे महिने कुठले? आधीचे की नंतरचे?"
तसा हिशेब नसतो, तो म्हणाला.
"बाई स्वतः बोलल्या. अठरा आणि तीस.
मधले बारा कुणाचेतरी आहेत."
निम्मी शिक्षा सुटते, मिसेस ब्रेमनर. पंधरा महिन्यांत घरी येईल.
"म्हणजे इतरांनाही निम्मी सूट?"
वकिलाने घड्याळ पाहिलं.
"मला नुसतं कळू दे.
मी भेटायला जाईन तेव्हा
कुणाला भेटतेय ते माहीत असावं."

मी दार लावून घेतलं. ते माझं काम आहे.

त्या हिवाळ्यात तारेचे आणखी तीन खटले आले.
चौथा आला नाही.
म्हणजे, आला असता की नाही, कुणास ठाऊक.
बंदरावरच्या पबमध्ये एक पोरगा म्हणाला,
"ब्रेमनरला तीस बसले,"
आणि अर्धा ग्लास तसाच ठेवून उठला.
घरी गेला असेल.
शहाणा होऊन, किंवा बाहेर गारा पडत होत्या म्हणून.
न झालेल्या चोरीचा पंचनामा होत नाही.
ज्याला ठेच लागली त्याला
मागे कोण चालतंय ते दिसत नाही.

जरब बसलेला एक माणूस मात्र मी खात्रीने सांगू शकतो.
शुक्रवारी सकाळी मी खिशातून
कोर्टाची पेन्सिल काढली
आणि शेरीफबाईंच्या टेबलावर परत ठेवली.
दोन वर्षं होती माझ्याकडे.

ऑगस्टमध्ये, जेसीच्या हिशेबाने,
इनिसचे स्वतःचे नऊ महिने संपले.
शनिवारी सहाला ती बसथांब्यावर दिसली,
इन्व्हर्नेसचं परतीचं तिकीट हातमोज्यात खोचलेलं.
समुद्राकडून वारा. सीगलने कुणाचातरी चिप्सचा कागद फाडलेला.
मी विचारलं नाही.
तीच म्हणाली, "आजपासून दुसऱ्यांच्या पोराला भेटायचं."

बस आली. पायरीवर पाय ठेवून ती वळली.
"ज्याने तार कापली नाही
तो सापडला तुला कधी,
तर त्याला सांग,
बसभाडं पाठव म्हणावं."